ताईची गोळी आणि मालेची अंडी

२००५च्या सुमारास मी भूगावात ताईच्या फ्लॅटवर राहून पुण्यात संशोधन करत होते. फिटांवरचं एक जुनं औषध, बार्बिट्युरेट जातीचं, त्यानं रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात का, हे कोंबडीच्या अंड्यांत बघायचं. कवचाला छोटी खिडकी पाडायची, आत औषधाचा थेंब सोडायचा आणि लाल जाळं कसं पसरतं ते बघत बसायचं. पंचाईत ही, की तीच गोळी ताई लहानपणापासून रोज घेत होती. आणि आता तिला दिवस गेले होते.

गोळी अजिबात बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईचा मात्र माझ्या अंड्यांवर जास्त भरवसा. जेवताना विचारायची, काय दिसलं? पहिल्या खेपेला औषधाच्या अंड्यांत जाळं गुंतलेलं दिसलं. बघते अजून, म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या खेपेला उलटंच, औषध न घातलेलीच जास्त गुंतलेली. कप्पाळ माझं! एवढी शिकलेली मी, आणि घरात सांगायला एक धड वाक्य नाही.

अंडी माले गावच्या एका मावशींकडून यायची. शेवटी त्यांच्याकडे जाऊन थडकले. अंडी जिवंत हवीत असं मी म्हटलं होतं, म्हणून त्या काही अंडी आधी खुडूक कोंबडीखाली उबवून मगच टोपलीत भरत होत्या. वर मलाच म्हणाल्या, "गार अंडं जितं हाय का न्हाई, कसं वळखायचं? तुमचं काम खोळंबाया नगं." म्हणजे काही अंडी माझ्या समजुतीपेक्षा वयानं मोठी, त्यांतलं जाळं आधीच वाढलेलं, आणि ती कुठली ते देवालाच ठाऊक. चिडणार तरी कुणावर? त्यांनी चहा केला, मी मुकाट्यानं प्यायले.

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून करते, तोवर थांब, असंही म्हणाले. थांब म्हणजे काय कर, ते माझं मलाच कळत नव्हतं. घे म्हणवेना, नको म्हणवेना. रडूच यायला लागलं.

ताईनं गोळ्यांची डबी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "अंड्याला फिट येत नाही गं. मला येते. मी पडले तर बाळही माझ्याबरोबर पडेल."

आणि तिनं गोळी घेतली.