बोलणारी बटनं

माझ्या आवाजाची काटछाट इतकी वर्षं आमचा दादा करायचा. मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, म्हणजे ऑडिओबुक. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे माझं वाचन जरा वेगळं असतं. पुस्तकाचा मजकूर मोबाइल एका कानात वाक्यावाक्याने सांगतो आणि मागोमाग मी ते वाक्य माझ्या पद्धतीने बोलते. मध्ये मोकळ्या जागा राहतात, कुठे शब्द अडखळतो, कुठे घाटनांदूर स्टेशनात शिरणारी गाडी भोंगा देते. हे काढल्याशिवाय ते कुणाला ऐकवण्याजोगं होत नाही. चुकले की मी जोरात टाळी वाजवायची. मोबाइलच्या पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात म्हणे, आणि टाळीच्या जागी उंच टोक येतं. शेतातून येऊन जेवला की दादा ती टोकं बघत बोटाने कापायचा. थकलेला असला की म्हणायचा, चांगलंच आहे की, कशाला काढायचं. मग आमचं वाजायचं.

दिवाळी झाली की आमचा ट्रॅक्टर ऊस ओढायला कारखान्यावर जातो आणि ट्रॅक्टरबरोबर दादा. ऊन तापायला लागेपर्यंत तो तिकडेच. मागच्या हंगामात मी रेकॉर्डिंग त्याला मोबाइलवर पाठवायची. उसाची ट्रॉली वजनकाट्याच्या लाइनीत उभी असली की तो ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या कापून परत पाठवायचा. आजूबाजूला इंजिनं चालू, अंगात झोप. एकदा रेकॉर्डिंग चालू असताना आईने दाराची कडी आपटली. त्या कडीला टाळी समजून त्याने न चुकलेलं वाक्य कापलं. दुसऱ्या प्रकरणात मी खोकून "थांबा, परत घेते" म्हटलेलं तसंच पुढे गेलं. ऑडिओबुक काढणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या बाईंनी शांतपणे कळवलं की उरलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. मला दादाचा राग आला नाही. माझं काम दुसऱ्याच्या फुरसतीवर चालतं, याचा आला.

यंदा दसऱ्याच्या आसपास त्याच बाईंचा फोन आला. एक मोठी कादंबरी आहे, वाचाल का म्हणून. पण या वेळी प्रकरणं वेळेवर आणि साफ पाहिजेत, नाहीतर पुन्हा विचारणार नाही, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलं. मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि घरात जाहीर केलं की लॅपटॉप घ्यायचा आणि यापुढे कापायचं मीच. आई म्हणाली, तुला कसं जमायचं बाई. मी म्हणाले, कसं ते करून बघू.

आम्ही अंबाजोगाईच्या एका दुकानात गेलो. पैसे माझे, आवाज माझा, पण दुकानदार बोलत होता दादाशी. ताईंना काय लागतं, ताईंना झेपेल का. मी तिथेच खुर्चीत बसलेली. थोडा वेळ ऐकून घेतलं, मग म्हणाले की ताईंना ऐकू चांगलं येतं, ताईंनाच विचारा. त्यानंतर तो जरा सरळ झाला.

लॅपटॉप ठरायला वेळ लागला नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी त्यात तिथेच घालून घेतलं. एकेक कळ दाबत पुढे गेलं की आपण जिथे पोचलो तिथलं नाव ते बोलतं. फाइल, ओपन, सेव्ह, असं. माझे डोळे म्हणाल तर तेच. खरा घोळ झाला तो आवाज कापायच्या सॉफ्टवेअरचा.

दुकानदाराने पहिलं उघडलं ते सगळ्यात भारी. दादा हरखूनच गेला. हिरव्या-निळ्या लाटा आहेत, फिरवायच्या गोल खुंट्या आहेत, पार स्टुडिओच आहे, असं मला सांगायला लागला. मी लॅपटॉप पुढे ओढला आणि कळ दाबली. आवाज आला, बटन. पुन्हा दाबली, बटन. दाबत गेले तसं बटन, बटन, बटन. कापायचं कोणतं, पुसायचं कोणतं, कशालाच नाव नाही. बनवणाऱ्याने चित्रं काढली होती आणि नावं द्यायला विसरला होता. दुकानात कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं, पण डोक्यात तिडीकही गेली.

दुसऱ्या सॉफ्टवेअरची बटनं बोलत होती, पण कापायला माउसने ओढावंच लागायचं. तिसरं सगळं आपोआप साफ करून देणारं होतं, अडखळणंसुद्धा स्वतःच शोधून काढणारं. ते इंटरनेटशिवाय उघडत नव्हतं आणि आमच्याकडे लाइट गेली की मोबाइलची रेंजही तिच्यामागे जाते. शिवाय मी नमुना म्हणून बोललेल्या वाक्यातला मुद्दाम घेतलेला थांबा त्याने चूक समजून खाऊन टाकला. कुणी गेल्याचं सांगण्याआधी माणूस थांबतो. हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात मी माझं वाचन देणार नव्हते.

दादाचं म्हणणं, पहिलंच घेऊ, मी आहे की दाखवायला. तो असला की दाखवेल, हीच तर अडचण होती. अंधशाळेतली माझी एक मैत्रीण फुकट मिळणाऱ्या एका साध्या सॉफ्टवेअरवर काम करायची. ते घालून द्या, असं मी दुकानदाराला सांगितलं. त्याने नाक मुरडलेलं मला त्याच्या श्वासातच कळलं.

"ताई, ते लई जुनाट दिसतंय," तो म्हणाला. "आता कोणी घेत न्हाई."

"दिसायला कसंबी असू द्या. मला त्याच्यासंगं बोलायचंय."

ते बोललं. एकूण एक बटन बोललं. रेकॉर्डिंग ऐकता ऐकता एक कळ दाबली की सुरुवातीची खूण, दुसरी दाबली की शेवटची, आणि मधलं काढून टाकायचं. मी तिथेच एक वाक्य मुद्दाम चुकवलं, पुन्हा बोलले आणि चुकलेलं कापलं. कुणाचा हात न लागता.

आम्ही मोटारसायकलवरून परत निघालो. गाव जवळ आल्यावर दादा म्हणाला, "मी नीट कापत न्हवतो का गं?"

"कापत होतास," मी म्हणाले. "पण तू इथं असल्यावरच."

त्याने गाडीचा वेग वाढवला. मला वाईट वाटलं, पण माघार घ्यावीशी वाटली नाही.

पुढचे दिवस फजितीचे गेले. एकदा हेडफोनची वायर अर्धवटच लागली होती, त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाजही रेकॉर्ड झाला. नायिका हुंदके देते आहे आणि मध्येच कुणीतरी म्हणतंय, रेकॉर्ड, पॉज. वहिनी हसून लोळली. एकदा खुणा भलत्याच जागी पडल्या आणि अर्धं प्रकरण उडालं. काढलेलं परत आणायची कळ असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून ते सगळं पुन्हा वाचलं. दादा दारात येऊन उभा राहायचा. त्याचे हात शिवशिवत असणार, पण मी त्याला कीबोर्डला बोट लावू दिलं नाही. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून गोधड्या टांगलेल्या माझ्या खोलीत, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी बसून मी रोज तेच घोटत राहिले. खूण कर, खूण कर, काढ, ऐक.

दिवाळी झाली, ट्रॅक्टर गेला आणि मी कादंबरी सुरू केली. पहिलं प्रकरण कापून पुन्हा पुन्हा ऐकलं. पाठवताना बोट अडलं. कुठे काही राहिलं असेल तर सांगणारं घरात कुणी नव्हतं. आईला विचारलं असतं तर तिने छानच म्हटलं असतं. शेवटी दाबली कळ. दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला, दुरुस्ती काही नाही, पुढचं पाठवा. तो निरोप मी कितीतरी वेळा वाचून घेतला आणि रडले. सांगायला लाज कशाची.

त्याच दुपारी दादाचा फोन आला. मागे इंजिनांची घरघर, कुणीतरी कुणाला पुढं घे बे म्हणून ओरडत होतं.

"लाइनीतच हाय," तो म्हणाला. "पाठव ते प्रकरण, कापून देतो."

"कापलं. पाठवलंबी. पास झालं."

त्याने आपलं इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं.

"मग आता मी लाइनीत काय करू?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत माझं वाचन त्याने कधी सलग ऐकलेलंच नाही. तो टोकं बघायचा आणि कापायचा.

"ऐक," मी म्हणाले, आणि त्याला अख्खं प्रकरण पाठवून दिलं.