खोटं कुठे बोलायचं

माझी नात तळोज्याला एका कंपनीत कामाला आहे. गेल्या महिन्यात तिला दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला जायचं होतं, म्हणून तिने रजा काढली. कारण दिलं की आजी दवाखान्यात आहे, सिरियस आहे. मी तेव्हा जुईनगरच्या घरात बसून लसूण सोलत होते. संध्याकाळी तिनेच ते हसत हसत सांगितलं. मग म्हणाली, "आजी, तू एवढी वर्षं एकाच कंपनीत काढलीस. टिकायला काय लागतं ते सांग ना. आमच्याकडे यावर क्लास घेतात."

मी म्हटलं, "खोटं कुठे बोलायचं ते कळावं लागतं."

ती पुन्हा हसली. तिला वाटलं मी टोमणा मारला. मी मारला नव्हता. म्हणून हे लिहून ठेवते आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढं लिहिता येतं.

बोनकोडे माझं माहेर. शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा लांब, आणि मुलीला तिकडे पाठवायचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. लग्न होऊन खाडीकाठच्याच दुसऱ्या गावात आले. नवरा मिठागरावर होता. मीही त्याच्याबरोबर मिठाच्या पाट्या वाहू लागले. मिठागराचं काम लोक आता फोटोत बघतात आणि पांढरं पांढरं छान म्हणतात. हाताला चीर पडली की तिच्यात मीठ जातं आणि मीठ चीर भरू देत नाही. एवढंच त्या कामाबद्दल सांगते.

साठ साल उलटल्यावर डोंगराच्या बाजूला, रस्त्याच्या कडेने कंपन्या उभ्या राहू लागल्या. आधी गड्यांना खोदकामाला घेतलं. मग एका औषधाच्या कंपनीला गोळ्या भरायला बायका हव्या होत्या. अट अशी की लेबल वाचता आलं पाहिजे आणि हात साफ पाहिजेत. वाचता येत होतं. हातांसाठी मी महिनाभर खोबरेल तेल चोळलं आणि मिठागरावर चिंध्या गुंडाळून काम केलं. निवडणाऱ्या माणसाने आमचे हात उलटेपालटे करून बघितले, बाजारात मासळीचे कल्ले बघतात तसे. मला घेतलं.

सासूने जाऊ दिलं, कारण नवऱ्याचा खोकला वाढला होता आणि मुलगा लहान होता. पण तिने एक अट घातली.

"चार दिस बाहेर बसाचा. त्या दिसांत घरात शिवाचा नाय, पान्याला हात लावाचा नाय, उंबऱ्याबाहेर कुठं जावाचा नाय. कंपनी गेली खड्ड्यात."

"बरं, आय," मी म्हटलं. सासूला आम्ही आय म्हणत असू.

आजच्या मुलींना हे सांगावं लागतं. पाळी आली की बाई घरामागच्या आडोशाला बसायची. तिचं ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की ती पुन्हा घरात. मिठागरावर हे चालून जायचं. तिथल्या मुकादमाची बायकोही तशीच बाहेर बसत असे. कंपनीत चालेना.

कंपनीत आम्ही सगळ्या टेम्पररी होतो. वर्षभर हजेरी नीट असेल तिला पर्मनंट करणार, असं सांगितलं होतं. हजेरी घेणारा साहेब देशावरचा होता. वयस्कर, सभ्य, बायकांना अहो बाई म्हणणारा. त्याच्याशी या विषयावर बोलायचं म्हणजे जीभ झडली असती. मग आम्ही माणसं मारू लागलो. दर महिन्याला प्रत्येकीचं कोणी ना कोणी जायचं. मामा, चुलत सासरा, मावशीची जाऊ. माझ्या शेजारी एक कोळीण बसायची, सारसोळ्याच्या बाजूची. ती हुशार होती, हात माझ्याहून चपळ आणि तोंड त्याहून. तिने नवऱ्याची आत्या दोनदा मारली.

"अहो बाई, ही गेल्या उन्हाळ्यात गेली होती ना?" साहेब म्हणाला.

"ती थोरली साहेब. ही धाकटी."

"तुमच्या गावात कोणी उरलं आहे का?"

"हायत ना. आमी अजून हावत."

पुढे पुढे आमच्यातली कोणी रजा मागायला गेली की तो मान वर न करता विचारायचा, "या वेळी कोण गेलं?" आम्ही बाहेर येऊन खो खो हसायचो. मुलींनो, या हसण्याला भुलू नका. तो कागदावर रजा लिहीत होता आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही त्याला बनवतोय.

वर्ष संपायला आलं तेव्हा त्याने एकेकीला न बोलावता दोघी-दोघींना बोलावलं. मी आणि कोळीण एकत्र गेलो. तो रागावलेला नव्हता. खरंच कळून घ्यायचं होतं त्याला.

"तुम्ही दोघी कामाला चांगल्या आहात. मग दर महिन्याला चार-चार दिवस पाळीला का येत नाही? काय अडचण आहे ती सांगा."

कंपनीत शिफ्टला पाळी म्हणायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी. कोळीण माझ्या कानाशी पुटपुटली, "पाळी येते म्हनून पाळीला येत नाय, सांग त्याला."

मला हसू फुटलं. दाबायला गेले तर जास्तच फुटलं. तीही हसली. साहेबाचा चेहरा बदलला.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

आम्ही खाली बघितलं. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा नुसतं ते वाक्य मोठ्याने बोलायचं होतं. तो लाजला असता, टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले असते आणि काहीतरी मार्ग काढला असता. घरी त्यालाही बायको होतीच. आम्ही सगळ्या बायका मिळून पहिल्या महिन्यातच बोललो असतो तर त्याला काहीतरी करावंच लागलं असतं. आम्ही एकेकटी आपापले मामा मारत बसलो.

कोळणीला पुढच्या आठवड्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला तीन महिने आणखी दिले, कारण लेबलावरची चूक मी दोनदा पकडून दिली होती. तीन महिन्यांत एक खाडा झाला तर मीही घरी. कोळीण जाताना म्हणाली, "मस्करी माझी आन् नोकरी पन माझीच गेली." ती पुन्हा टोपली घेऊन खाडीत उतरली. पुढे खाडीच बिघडली, ती वेगळी गोष्ट.

मी घरी जाताना खाडीच्या बांधावर ठरवलं. कंपनीत खोटं चालत नाही, कारण तिथे ते लिहून ठेवतात. आता घरी बोलायचं.

पुढच्या वेळी पाळी आली तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. उठले, चूल पेटवली, पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या आणि कामाला गेले. जुन्या लुगड्याच्या घड्या डब्याच्या पिशवीत, डब्याखाली. कंपनीच्या मागच्या नळावर धुवायच्या, पत्र्याआड वाळत घालायच्या, ओल्या राहिल्या तर तशाच घेऊन यायच्या. पहिल्या दिवशी मला भीती वाटली. सासू माझ्या हातचं पाणी प्याली तेव्हा मी तिच्याकडे बघत राहिले. तिला काही झालं नाही. मग भीती गेली.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी बाहेर बसेना, याचा घरात एकच अर्थ होत होता. दुसऱ्या महिन्यात सासूने मला जवळ बोलावलं.

"तुला दिस गेलं का गं?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खाली बघितलं. सुना अशा वेळी खालीच बघतात, त्यामुळे तेवढं पुरलं.

त्या दिवसापासून ती बाई बदलली. मला घागर उचलू देईना. माझ्या पानात आधी वाढू लागली. शेजारणींना सांगून आली, माझ्या माहेरी निरोप धाडला. नवऱ्याला तेवढं मी मागाहून खरं सांगितलं. तो म्हणाला, "पर्मनंट झाल्यावर काय ते बघू," आणि खोकत बाहेर गेला. मी दिवस ढकलत होते. पोट दिसायची वेळ यायच्या आत पर्मनंट व्हायला हवं होतं, एवढाच हिशेब.

ज्या दिवशी साहेबाने मला पर्मनंटच्या सहीला बोलावलं होतं त्याच सकाळी मी बांधावर पोचले तर मागून हाक आली. सासू धावत येत होती. तिने पहाटे चिखलातून निवट्या धरून आणल्या होत्या. निवटी म्हणजे खाडीतला एवढासा मासा, पोटुशीला ताकदीचा म्हणून देतात. तळून, केळीच्या पानात बांधून आणल्या होत्या. "डब्यात घालाच्या राहिल्या गं," म्हणत तिने माझी पिशवी स्वतःच उघडली आणि डबा काढायला त्याच्याखाली हात घातला.

हात बाहेर आला तेव्हा त्यात घडी होती. कालची, अजून ओलसर.

पुढे बायका चालल्या होत्या, त्यांनी वळून बघितलं. तिने घडी परत पिशवीत ठेवली आणि निवट्या घेऊन घरी गेली.

मी कामाला गेले. सही केली. साहेब म्हणाला, "बाई, आता तरी माणसं मारू नका." मी म्हटलं नाही मारणार.

संध्याकाळी घरी आले तर अंगणात मडक्यांच्या खापऱ्यांचा ढीग. घरातलं सगळं मातीचं तिने फोडलं होतं, जमीन सारवली होती, देव धुतले होते. मी पर्मनंट झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "साऱ्या गावाला मी आपल्या तोंडानं सांगून आले. आता तेच तोंड घेऊन परत जावाचं हाय." आणि ती गेली. दारोदार सांगून आली की सुनेचं पोटातलं पडलं. कंपनीच्या वासाने पडलं, असं सांगितलं. बायका मला बघायला आल्या, मी आडोशाला पडून राहिले, त्यांनी माझ्यासाठी उसासे टाकले. माझं खोटं आता तिलाही बोलावं लागलं होतं, आणि त्यासाठी तिने मला कधी माफ केलं नाही.

त्यानंतर ती माझ्या हातचं जेवली नाही. स्वतःपुरती वेगळी चूल मांडली. पण माझ्या पगाराचे तांदूळ त्या चुलीवर शिजत होते. ते तिला माहीत होतं आणि मलाही. पाळीच्या दिवसांत मी कामाला जात राहिले. तिने त्यावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

दीड-दोन वर्षांनी मला खरोखर दिवस गेले. या वेळी मी तिला सांगितलंच नाही. कसं सांगणार? पोट दिसू लागेल तेव्हा दिसेल, असं ठरवलं. चौथा महिना असेल. पहिली पाळी संपवून येत होते आणि बांधावर कळ आली. तिथेच बसले, उठले, पुन्हा बसले. कसंबसं घरी पोचले. सासू अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"आय," मी म्हटलं, "पडलं."

तिने सूप थांबवलं नाही. तांदूळ उडत होते आणि परत सुपात पडत होते.

"ह्या बारीला खरा हाय का?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला माहीत नव्हतं म्हणून विचारत होती. मी पदर बाजूला करून तिला लुगडं दाखवलं. ती बघत राहिली. मग तिने सूप खाली ठेवलं आणि पाणी तापवायला घातलं. माझं सगळं तिनेच केलं. त्या दिवशी ती मला शिवली. पुढे तिने आंघोळ केली असेलच.

गावात कोणाला कळवलं नाही. एकदा पडलं म्हणून सांगून झालं होतं, पुन्हा काय सांगणार? या वेळी कोणी उसासे टाकायला आलं नाही.

थोड्या दिवसांनी कंपनीत गेले आणि रजेचा कागद साहेबापुढे ठेवला. त्याने मान वर न करता विचारलं, "या वेळी कोण गेलं?"

"मूल," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"माझं."

तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या चेहऱ्यावर काही शोधत असावा. मग "बरं" म्हणाला आणि सही केली. त्याला पटलं की नाही ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पुन्हा मला दिवस राहिले नाहीत. त्या नोकरीवर मुलगा शिकला, नवऱ्याचं औषधपाणी झालं, सासूची अखेरची दुखणी निघाली. मला तेव्हाचं परत निवडायला सांगितलं तर मी तेच निवडेन. ते स्वस्तात मिळालं असं मात्र कोणी समजू नये.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती हातातला फोन खाली ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "मग मी काय सांगायला हवं होतं? मुलाखतीला चाललेय म्हणून?"

"ते नको. काम आहे म्हणायचं, घरचं आहे म्हणायचं. मला कशाला दवाखान्यात घातलंस?"

"आजी, टेन्शन नको घेऊ. काही होत नाही."

"मी खरंच पडेन तेव्हा काय सांगशील त्यांना?"

मी लसूण पुढे ओढला आणि तिला म्हटलं, अर्धा तू सोल.