लेम्पीच्या होडीत बसलेला म्हातारा

लेम्पी केट्टुनेन पाहुण्यांना घेऊन नदीत उतरली की स्वतः गळ टाकत नाही. हात कितीही शिवशिवले तरी नाही. पाहुण्याच्या गळाला आमिष लावायचं, त्याने करून ठेवलेला गुंता सोडवायचा, मासा वर आला की जाळी पुढे करायची. आणि मासा सुटलाच, तर पाहुण्याने तोंड उघडायच्या आत म्हणायचं, "माझं चुकलं, जाळी उशिरा घातली." अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या या रेनी नदीवरचे सगळेच गाईड असं म्हणतात. पाहुण्याची चूक कधीच नसते.

थंडीत नदी गोठली की लेम्पी शाळेची पिवळी बस चालवते. बसमधली पोरं तिला टरकून असतात, कारण ती ओरडत नाही, आरशातून नुसती बघते. मे महिन्यात वॉलाय माशांचा मोसम उघडला की तीच लेम्पी बर्फ वितळावा तशी बोलकी होते. शिकागोहून, ओमाहाहून लोक येतात. धक्क्यावर उभी असलेली ही रुंद खांद्यांची, साठीला टेकलेली बाई बघून एखादा विचारतो, "तुमचे मिस्टर कधी येणार?" लेम्पी म्हणते, "ते घरी भांडी घासतायत. तुम्हाला त्यांच्याबरोबर जायचंय का?" तासाभरात तोच माणूस पहिला वॉलाय हातात धरून, माशाचे मांजरीसारखे चमकणारे डोळे बघत लहान मुलासारखा हसत असतो.

हे सगळं ती शिकली बापाकडून. एइनोने चाळीसेक वर्षं या नदीवर पाहुणे फिरवले. लहानपणी लेम्पी त्याच्या होडीत पुढच्या टोकाला बसायची. तिचं काम नांगर टाकायचा आणि ओढायचा. एइनो मागे, मोटरीपाशी. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, एइनोने होडी विकली, आणि तो दुर्बीण घेऊन खिडकीशी बसला. तिथून नदीचं वळण दिसतं. संध्याकाळी फोन यायचा: पुलाखाली एवढा वेळ काय करत होतीस, तिथं काय लग्न होतं का? लेम्पी वैतागायची, पण फोन उचलायची. मात्र तिच्या होडीत तो कधी बसला नाही. दुसऱ्याच्या होडीत बसायचं आणि दुसऱ्याच्या तोंडाने जेवायचं, दोन्ही आपल्याला जमायचं नाही, म्हणायचा.

गेल्या पानगळीत लेम्पीची आई गेली. त्यानंतर फोन बंद झाले. लेम्पी सूप घेऊन जायची तेव्हा म्हातारा खुर्चीतच असायचा, पण दुर्बीण कपाटावर. बर्फ फुटून नदी वाहायला लागली त्या दिवशी ती मुद्दाम गेली. नदी सुटली, बाबा, म्हणाली. तो म्हणाला, दरवर्षी सुटते.

मग तिने हट्टच धरला. मोसमाच्या पहिल्या दिवशी माझ्या होडीत यायचं. एइनोने गुडघे सांगितले, थंडी सांगितली, जुनं जाकीट सापडत नाही म्हणून सांगितलं. जाकीट तिने शोधून आणलं.

"एकदा," तो म्हणाला. "एकदाच बघीन. नाही बरं वाटलं, तर पुन्हा विचारायचं नाहीस. मी खुर्चीत बरा आहे."

लेम्पीने कबूल केलं. आणि त्या रात्री तिने गळ, जाळी, मोटर पुन्हा पुन्हा तपासली, जशी पहिल्या पाहुण्याच्या वेळीसुद्धा तपासली नव्हती.

पहिल्या दिवशी आभाळ खाली आलेलं, वारा बोचरा, पाणी कडक चहाच्या रंगाचं. धक्क्यावर गाड्यांची रांग. एइनोने होडीत पाय ठेवायच्या आधीच तपासणी सुरू केली. बसायला उशी कशाला, मी काय बाळंतीण आहे? पकडलेले मासे जिवंत ठेवायचा होडीतला हौद बघून म्हणाला, मत्स्यालय काढलंस वाटतं, तिकीट किती? लेम्पीला हे होणार हे माहीत होतं. तिने गोदामातून त्याच्या काळची दोरी शोधून आणली होती, मासे ओवून होडीच्या कडेला पाण्यात सोडायची. दोरी बघून त्याने होडीत पाय ठेवला. उशीवरही बसला.

बसला पुढे, पण मान मागे. डावीकडे घे. अजून. तिथं खडक आहे. लेम्पी त्या खडकाजवळून हजारदा गेली असेल, तरी तिने निमूट डावीकडे घेतलं. खडकांच्या खालच्या अंगाला, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे नांगर टाकला. एइनोने आमिषाचा छोटा मासा गळाला लावायला घेतला, आणि त्याची बोटं ऐकेनात. एकदा घसरला, दोनदा घसरला. लेम्पीने त्याच्याकडे न बघता गळ हातात घेतला, आमिष लावलं, परत दिला. सगळ्यांचं लावते तसंच. एइनो पलीकडच्या कॅनडाच्या काठाकडे बघत राहिला, जणू तिकडे कोणी ओळखीचं उभं होतं.

पहिला तास काही नाही. एइनो गारठून जाकिटात शिरत चाललेला. लेम्पी मनात म्हणत होती, एक तरी ये रे, लहान असलास तरी चालेल. मग त्याच्या गळाची काठी झटकन वाकली. म्हाताऱ्याच्या पाठीचा कणा असा सरळ झाला की खालची उशी सरकून पडली. एक आला, दुसरा आला. मग एक आली, अंडी घालून मोकळी झालेली थोराड मादी, हाताएवढी लांब. एवढी मोठी ठेवायची नसते, तो कायदाच आहे. एइनोने तिला पाण्यात पोटाखाली हात देऊन धरलं, तिची शेपटी हलेपर्यंत, आणि मग नुसता हात उघडला.

"तुझ्या आईला सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

लेम्पी म्हणाली, "तिने विचारलं असतं, जेवायला काय आणलं."

तो हसला. कितीतरी महिन्यांनी. दुपारपर्यंत दोरीवर जेवणापुरते चांगले मासे ओवले गेले होते, आणि एइनो गुणगुणत होता.

मोसमाच्या पहिल्या दिवशी दुपारी सगळे गाईड नदीतल्या बेटावर जमतात. चूल पेटते, बिडाच्या तव्यात डुकराची चरबी वितळते, बटाटे-कांदे पडतात, आणि प्रत्येक होडीने आपले मासे तळायचे. ज्याच्या होडीत मासा नाही त्याने दुकानातल्या मांसाचा डबा उघडायचा आणि ते सगळ्यांसमोर खायचं. मग वर्षभर गाव त्याला त्यावरून छळतं. लेम्पीने आजवर डबा उघडला नव्हता. एइनोनेही नाही.

निघायची वेळ झाली. लेम्पी पुढे गेली, बापाला ओलांडून तिने नांगर ओढला, मागे आली, मोटर सुरू केली. होडीने वेग घेतला. वाऱ्यात एइनोचे पांढरे केस उडत होते, आणि तिला वाटलं, जमलं.

बेटाशी वेग कमी केला तेव्हा तिची नजर कडेला गेली. दोरीचा वीतभर तुकडा लोंबत होता. बाकीची मोटरीच्या पंख्याने कापून नेली होती, माशांसकट.

तिने बापाकडे बघितलं. बापाने तुकड्याकडे. दोघांनाही एकदमच कळलं. बापाच्या जुन्या होडीत नांगर तिचा असायचा आणि दोरी त्याची. मोटर सुरू करण्याआधी दोरी वर घेणं हे मागे बसणाऱ्याचं काम, आणि आज मागे लेम्पी होती. पण बाप होडीत असताना तिचा हात दोरीकडे गेलाच नाही. आणि पुढे बसलेल्याला दोरीचं काय पडलंय?

लेम्पीला त्याची अट आठवली. आता तो म्हणणार, मला घरी सोड.

काठावर रूडी स्कोगलुंड उभा होता, तिच्याच वयाचा गाईड, पोट पुढे, हातात सुरी. "एइनोकाका, तवा तापलाय. काढा मासे."

रूडीने होडीत डोकावून बघितलं, तुकडा बघितला, आणि त्याचं तोंड हळूहळू रुंद होत गेलं. त्याने बाकीच्यांना हाक मारली. सगळे सुऱ्या हातात घेऊनच आले. रूडी म्हणाला, माझ्याकडचे दोन घ्या. एइनोने नुसती मान हलवली. दुसऱ्याचे मासे खायचे नसतात, हे रूडीलाही माहीत होतं, म्हणूनच तो एवढा उदार झाला होता.

"पण दोरी विसरलं कोण?" रूडीने विचारलं. "काका, तुम्ही तर आयुष्यात विसरला नाहीत."

लेम्पीने तोंड उघडलं. माझं चुकलं, हे शब्द जिभेवर होतेच, रोजचेच. पण म्हातारा आधी बोलला.

"मला काय विचारतोस? मी पाहुणा आहे. दोरी गाईडने बघायची असते." त्याने अंगठ्याने मागे दाखवलं. "गाईड ती आहे. तिला विचार."

बेटभर हशा पिकला. कोणीतरी लेम्पीच्या पाठीत थाप मारली. ती खाली वाकून खोक्यात डबा शोधत राहिली, जरा जास्तच वेळ, कारण वर बघायची तिची तयारी नव्हती. पोरगी म्हणाला होता तो तिला, बसवाली म्हणाला होता, हट्टी तर रोजच. गाईड हा शब्द आजवर त्याच्या तोंडून आला नव्हता.

डबा उघडला. मांस तव्यावर चरचरलं. एइनोने पहिला घास घेतला आणि सांगून टाकलं की हे खाण्यापेक्षा दोरी चावलेली बरी. मग दुसरा तुकडा घेतला. बटाटेही घेतले. रूडी येऊन-जाऊन विचारत होता, काका, काटे लागत नाहीत ना? एइनो त्याला सांगत होता की तुझ्या बापाने एकदा इथेच अख्खा नांगरच दोर न बांधता पाण्यात टाकला होता. लेम्पीने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. रूडीनेही नव्हती. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

परत येताना एइनोची मान पुढे होती. डावीकडे घे, उजवीकडे घे, काही नाही. धक्का दिसायला लागला तेव्हा तो वाऱ्यात ओरडून म्हणाला, "मंगळवारी कोण आहे तुझ्याकडे?"

"डुलुथचे दातांचे डॉक्टर. दोघं."

"मग बुधवार."

"बुधवारी पाऊस सांगितलाय, बाबा."

"मला रेनकोट आहे. खडकांच्या वरच्या बाजूला आपण गेलोच नाही आज."

लेम्पीने मोटरीचा वेग कमी केला. धक्का इतक्या लवकर यायची काही गरज नव्हती.

"सहाला येते न्यायला," ती म्हणाली.

"साडेपाचला ये. सहाला सगळेच येतात."