हैराणचं माहेर

पालीत, राजगडाच्या पायथ्याशी आमचं घर. गड उतरून आलेल्यांना आम्ही पिठलं-भाकरी जेवायला घालतो. भाकरी सासूबाईंच्या हातची, चुलीवरची.

दिवाळीनंतर पुण्याच्या मुलांबरोबर एक तुर्की मुलगी आली. लाकडं ओलसर होती, घरभर धूर झालेला. सासूबाई डोळे पुसत करवादल्या, "हैराण केलं बया ह्या लाकडांनी!"

मुलगी एकदम वळली. तिनं मैत्रिणीला काहीतरी विचारलं आणि हसायलाच लागली. मैत्रीण म्हणाली, "आजी, हैराण हा शब्द तिच्याकडेही आहे. पण त्यांच्यात एखाद्याच्या कौतुकानं पार भारून गेलेल्या माणसाला हैराण म्हणतात. ती म्हणतेय, ती तुमच्या भाकरीवर हैराण आहे."

"माज्या भाकरीवर?" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "तिला म्हनावं, आजून एक घे."

मला काही चैन पडेना. माझे कॉलेजचे सर भोरला असतात, जुने मोडी-फारसी कागद वाचतात. त्यांना फोन केला. त्यांनी तो शब्द कागदावर उजवीकडून डावीकडे लिहून फोटो पाठवला: حیران. म्हणाले, "मूळ अरबी. वाट हरवून, कुठं जावं ते न सुचून उभा राहिलेला, तो हैराण. फारसीत आणि उर्दूत थक्क झालेला. आणि आपल्याकडं नुसता त्रासलेला."

सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"वाट हरवल्याला व्हय? मंग म्या हितं नांदाया आले तवा तशीच हुते. पैल्यांदा पान्याला गेले आन् माघारी येताना घरच घावंना. सगळी दारं सारकीच. कुनाला इचारायची बी लाज."

"मग?"

"रडत उबी हुते. एक धनगरीण शेरडं घिऊन चालली हुती. तिनं कायबी इचारलं न्हाई. माजी घागर घेतली आन् दारात आनून सोडलं."

"घरात सांगितलंत?"

"काय सांगनार? उशीर झाला म्हनून बोलनी खाल्ली."

मीही या घरात नसरापूरहून आलेली. पण माझ्या हातात मोबाईल होता, रोज आईशी बोलणं व्हायचं. मी चहा टाकला आणि त्यांच्याजवळ येऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "आत्याबाई, पासलीला तुमच्या माहेरचं घर कसं होतं?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि खाचरांपासून सुरुवात केली.