मास्तरांना देऊ नये

आमच्या वरच्या मजल्यावरचे टेलरमास्तर प्यायचे, तेव्हा सकाळी माप दिलं तर पँट मिळायची, संध्याकाळी दिलं तर हाफपँट. एकदा डॉक्टरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि वर डॉक्टरांनाच विचारलं, "उजवा हात कधीपासून असा आहे?"

मग उपचार केंद्रात गेले आणि खरंच सोडली. दोन वर्षं चार महिने झाले. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

यंदा परदेशातल्या लेकीला मुलगा झाला. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आधीच तिकडे गेल्या होत्या. जावयानं मास्तरांचं तिकीट काढलं. जन्मातलं पहिलं विमान! स्वतः शिवलेला कोट चढवून असे निघाले, जणू विमान तेच चालवणार.

शेजारच्या खुर्चीत एक गलेलठ्ठ कंत्राटदार होता. पट्टा लावायच्या आत मास्तरांनी त्याला दोन वर्षं चार महिने ऐकवले. "बायकोनं जीव लावला म्हणून सुटली. आता घरात माझ्या शब्दाला किंमत आहे."

पेयांची गाडी आली. मास्तरांनी लिंबू-सोडा मागितला. हवाईसुंदरीनं हातातला कागद पाहिला, वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, सोडा देते. पण तुम्हाला दारू देऊ नये, असं घरून कळवलंय."

हळूच म्हणजे, तीन रांगांना ऐकू जाईल इतकंच.

कंत्राटदार खदखदून हसला. "शब्दाला भलतीच किंमत आहे हो तुमच्या!" आणि आपली छोटी बाटली पुढे सरकवली. "घ्या. नाव तर खराब झालंच आहे."

मास्तर मला सांगत होते, "झाकण उघडलं मी, ताई. बायकोवरच्या रागानं. तोंडाला पाणी सुटलं. मग वाटलं, प्यायलो तर ती खरी ठरेल." बाटली त्यांनी परत केली.

विमानतळावर वहिनी हसत पुढे आल्या आणि कॉलर नीट करायच्या निमित्तानं नाक त्यांच्या तोंडाजवळ नेलं.

"घे, नीट वास घे," मास्तर चारचौघांत म्हणाले. पुढे महिनाभर नातवाशी बोलले, बायकोशी नाही.

परतल्यावर माझ्याकडे चहाला बसून हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तिला असलं सुचणार नाही. कुणी शिकवलं असेल हो?"

गल्लीभरची खबर ठेवणारी मी. मला ठाऊक नसेल कसं? मास्तर निघायच्या आधी वहिनींचा फोन आला होता, "अहो ताई, विमानात फुकट देतात म्हणे! काय करू?" मीच म्हटलं होतं, "जावयाला सांगून कळवून ठेवा की. सावध असलेलं बरं." वर खूप हसलेही होते.

"मीच," म्हटलं.

मास्तरांनी भरलेला कप खाली ठेवला. "गुत्त्याकडे पाय वळू नयेत म्हणून दोन वर्षं रोज संध्याकाळी इथं येऊन बसलो," म्हणाले, आणि उठले.

माझे कपडे अजून त्यांच्याच दुकानात शिवून घेते. माप मात्र त्यांची कारागीर बाई घेते. मास्तर मशीनवरून मान वर करत नाहीत.