भुलीचा मंगळवार

आमच्या दवाखान्यात मंगळवारला भुलीचा वार म्हणत. ऑपरेशनसाठी भूल देणारे सरकारी डॉक्टर आमच्या भागात एकच होते. कधी शिरूर, कधी दौंड असे ते फिरत, आणि आमच्या वाट्याला मंगळवारी येत. बाकीचे दिवस थिएटरला कुलूप. मी तिथली सर्जन, पण आठवड्यातल्या एकाच दिवसापुरती.

तेव्हा प्रशिक्षणाचं मोठं वारं होतं. खेड्यापाड्यांत शस्त्रक्रिया पोहोचवायच्या म्हणून नवं टेबल आलं, दिवे आले, टाके घालायला शिकवणारे पाहुणे आले. रबराच्या कातडीवर आम्ही सगळ्यांनी टाके घातले आणि फोटो काढून घेतले. आमच्यातल्या एका डॉक्टरला भूल द्यायला शिकायलाही पाठवलं होतं. तो मन लावून शिकून आला आणि त्याची बदली झाली, जिथं थिएटरच नाही अशा ठिकाणी. मी वर विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, प्रशिक्षण आमच्याकडं, बदल्यांचं दुसरे बघतात." त्या उत्तराचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

राहूकडच्या एका गुऱ्हाळावर काम करणारे आप्पा माझ्याकडे आले ते याच काळात, एका सोमवारी. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, जुना आणि भलताच मोठा, जांघेतून खाली उतरलेला. लंगोट आवळून त्यांनी कित्येक वर्षं उकळत्या रसाच्या काहिली उतरवल्या होत्या. नुसती जागा बधिर करून भागणार नव्हतं, भूलच लागणार होती. बरोबर त्यांची बायको होती. "ह्यास्नी खोकायची चोरी आन् हसायचीबी," ती म्हणाली, "मग माझ्यावर खेकसत्यात तेवढं." आप्पा हसले आणि लगेच जांघ धरून बसले.

कॉट रिकामी नव्हती, म्हणून मंगळवारी सकाळी घरूनच या, असं ठरलं. सिस्टरांनी बजावलं, "उपाशी यायचं बरं का."

"उद्या अंगारकीच हाय," बायको म्हणाली. "उपास असतुयाच त्यांचा."

सिस्टरांचाही होता. दोघींना बरंच वाटलं.

मंगळवारी आप्पा टेबलावर आडवे झाले. भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लंय?"

"न्हाई सायेब. उपास हाय."

डॉक्टर सुई काढायला वळले. आमचं घर बौद्ध, उपासतापास नव्हते. पण शाळेत मैत्रिणींचे उपासाचे डबे मी आशाळभूतपणे पाहिलेले होते, आणि आपल्याकडं उपास हा खायचाच दिवस असतो हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, "आप्पा, उपासाचं काय खाल्लं?"

"ते व्हय? ते खाल्लं की. खिचडी, आन् शेंगदाण्याचा लाडू."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. पोट भरलेलं असताना भूल दिली आणि उलटी फुफ्फुसात गेली, तर माणूस टेबलावर दगावतो. मी डॉक्टरांना विचारलं, संध्याकाळपर्यंत थांबता का? दुपारी त्यांना दुसऱ्या तालुक्यात एक सिझर होतं. ते टाळत नव्हते, त्यांना खरंच जायचं होतं. बाहेर बायको कपाळ बडवत राहिली. "एवढं कापाकापीचं, रिकाम्या पोटी कसं सोसंल म्हून मीच दोन घास जास्ती वाढलं हो."

पुण्याला लिहून देते म्हटलं, तर आप्पा नको म्हणाले. "तिथं कोन वळखतंय आमाला? तुमीच करा." मी पुढच्या मंगळवारचा पहिला नंबर त्यांना दिला आणि घरी पाठवलं. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. एक माणूस वाचवला, असं मी जेवताना सगळ्यांना सांगितलं.

रविवारी आप्पांचं आतडं अंतर्गळाच्या फटीत अडकलं. आणलं तेव्हा पोट ढोलासारखं फुगलेलं, उलट्या थांबत नव्हत्या. मी दाबून आत ढकलायचा प्रयत्न केला, गेलं नाही. भुलीचे डॉक्टर फोनवर दुसऱ्या तालुक्यातून हळहळले. अँब्युलन्सनं आप्पांना पुण्याला हलवलं. तिथं पोट उघडेपर्यंत आतडं काळं पडलं होतं. आप्पा परत आले नाहीत.

काही आठवड्यांनी त्यांची बायको रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आली. ओळीत उभी राहिली, नंबर आल्यावर माझ्यासमोर बसली आणि सरळ विचारलं, "मी खाऊ घातलं म्हून गेले का हो ते?"

"नाही मावशी," मी घाईनं म्हटलं. "तुमचा काही दोष नाही."

"मलाबी तसंच वाटतंय," ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. "आमी दुसऱ्या दिशी परत आलतो, मॅडम. अंगारकीला रातीचा चंद्र निघाला, मी उपास सोडाया ताट वाढलं, तर त्यांनी सारलं. म्हनले, नगं, उद्या पोट रिकामं पायजे. पानीबी घेतलं न्हाई. मला म्हनले, आता मॅडमला न्हाई म्हनायला जागाच न्हाई. तुमच्या त्या खोलीला कुलूप हुतं. दुपारपत्तूर दारात बसलो, आन् गेलो."

मी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होते. त्या बुधवारी मी कवठे येमाईला तपासणी शिबिरात होते, आप्पा येऊन गेल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तसं तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मी दवाखान्यात असते, तरी त्या उपाशी माणसाला मी हेच म्हटलं असतं: आप्पा, आज बुधवार आहे.