गाठ कडेखाली गेली

साल दोन हजार बावीस, मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण आमच्या बावेबद्दल मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा ताठा होता.

बाव म्हणजे विहीर. बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडली की आमचं बेट, एकेचाळीस घरं. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध जमिनीच्या पोटात गोडं. कातळातल्या चौदा पायऱ्या उतरायच्या, वाकून आत शिरायचं, मग दगडी ओटा आणि ओट्याखाली पाणी. कुणी म्हणतं फिरंग्यांनी खोदली, कुणी म्हणतं त्यांच्याही आधीची. मला एवढंच ठाऊक की इथे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, दुधावरच्या सायीसारखं. साय काढायची, खाली ढवळायचं नाही. म्हणून दोराला गाठ मारलेली. भरतीला बाव चढते, ओहोटीला उतरते. कळशी सोडताना गाठ ओट्याच्या कडेखाली गेली की भरणं बंद, पुढची भरती येईपर्यंत. हा दोर माझ्या आज्यापासून आमच्या घरात आहे. नळ आल्यावर तो खुंटीला टांगून राहिला, एवढंच.

त्या साली खाडीखालचा पाइप फुटला. चार दिवस नळाला थेंब नाही. पाचव्या दिवशी मुलगा होडीतून पाणी उपसायची मोटार घेऊन आला.

"बाबा, तासाभरात सगळं गाव भरतो."

"मोटार तळातलं ओढेल. बाव जाईल."

"मग काय, तुमच्या कळशीने एकेचाळीस घरं भरणार?"

लोक उभे होते. कुणीतरी हसलं. मी म्हणालो, "भरणार. दर घराला दोन हंडे, आज दिवस मावळायच्या आत. मोटार माझ्या दारात ठेव आणि गंमत बघ."

अमावस्येचं उधाण होतं. दुपारी साडेबाराला भरती पुरी झाली आणि मी दोर सोडला. पहिली वीस घरं झरझर झाली. सून वर हंडे रांगेत लावत होती, मुलगा पायऱ्यांवर उभा राहून कळश्या वर देत होता. चारनंतर पाणी भराभर उतरायला लागलं. उधाणाची ओहोटी खोल जाते, हे काय मला माहीत नव्हतं? गाठ कडेकडे सरकत होती. तिसावं घर झालं तेव्हा ती कडेपासून चार बोटं वर होती. चौतिसावं झालं तेव्हा कडेला टेकली.

सात घरं बाकी.

"बाबा, झालं का?" मुलाने वरून विचारलं. सरळच विचारलं असेल. मला वाटलं टोमणा मारतोय.

"व्हायचंय," मी म्हणालो आणि दोर सैल सोडला. गाठ कडेखाली गेली. आत अंधार, मी एकटा, कुणाला दिसायचं कारण नव्हतं. सात घरांचे चौदा हंडे मी गाठीखालून भरले. शेवटचा हंडा वर गेला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ करून चौदा पायऱ्या चढलो.

दिवेलागणीला सुनेने चहा दिला. आमचे हंडे अगदी शेवटचे. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. खारट. तशीच एक कळशी घेऊन बावेत गेलो, वरवरचं पाणी काढून चाखलं. तेही खारट. खालचं ढवळलं गेलं होतं.

घरी आलो तर त्या शेवटच्या सात घरांतली एक म्हातारी दारात. तिने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय. हातातला तांब्या तिने मुलाच्या पुढ्यात आपटला.

"पी! पी की रे! मोटार लावलीस ना चोरून? बाप दिवसभर राबला आणि तू बावेची वाट लावलीस!"

"आजी, मी हात नाही लावला."

"मग काय भुताने लावला? मोटार कुणाच्या दारात आहे?"

मागे चारपाच जण जमले होते. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं, फक्त मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता. मी एवढंच म्हणालो, "सकाळी बघू."

म्हातारी गेली. मुलगा न जेवता होडीकडे गेला. सून माझ्यापुढे ताट ठेवून आत गेली. मी जेवलो, तेही सांगायला हवं. पूर्ण ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोर खांद्यावर टाकला आणि बावेच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. लोक रिकामे हंडे घेऊन आले. म्हातारी आली, मुलगाही आला, लांबच थांबला. मी गाठ वर धरली आणि म्हणालो, "ही काल कडेखाली गेली. मी घातली. शेवटच्या सात घरांना. पोराने मोटारीला हात लावलेला नाही."

मग मुलाजवळ गेलो. दोर मुलाच्या हातात दिला. गोडं पुन्हा वर यायला बाव किती दिवस झोपू द्यायची ते आता तू ठरव, म्हणालो. मग शेवटच्या सात घरांचे हंडे गोळा केले. ओहोटी होती, होडी गाळात रुतलेली. मी धोतर खोचलं, गुडघाभर चिखलात उतरलो आणि बोरिवलीहून पाणी आणायला होडी ढकलायला लागलो.